कुरकुरीची वाटणी

अंधेरीत सगळ्यांत संथ कोण असं कुणी विचारलं, तर पश्चिमेकडच्या गिल्बर्ट हिलचं नाव घ्यावं लागेल. साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हा थिजून उभा राहिलेला तो सुमारे 200 फुटी काळा खडक अजून जागचा हललेला नाही. भोवतीने खाणी खणल्या गेल्या, झोपड्या आल्या, झोपड्यांच्या जागी इमारती आल्या, पलीकडून मेट्रो धावू लागली. त्याने मान वळवून पाहिलं नाही. आणि तरी त्याच्याबद्दल कुणी कधी कुरकुरलेलं ऐकिवात नाही, कारण त्याच्या जोडीने कुणाला काम करावं लागत नाही. एकटा माणूस संथ नसतोच मुळी. तो फार तर निवांत असतो. त्याला संथ ठरवायला शेजारी दुसरा माणूस लागतो, दोघांत मिळून एक ओझं लागतं, आणि शिवाय सकाळी दहा-साडेदहाची चर्चगेट फास्ट लागते.

हे असलं काहीबाही मनात येतं ते अंधेरी स्टेशनातल्या डबेवाल्यांमुळे. पूर्वेकडून कोलडोंगरी, पारशीवाडा, चकाल्याच्या आणि पश्चिमेकडून चार बंगले, सात बंगले, वर्सोव्याच्या सायकली ठरल्या वेळी स्टेशनाशी येऊन टेकतात. हँडलच्या दोन्ही बाजूंना आणि मागच्या कॅरिअरवर डबे लगडलेले असतात. ते खाली उतरतात, फरशीवर त्यांची पांगापांग होते आणि पाहता पाहता नवी कुळं मांडली जातात. कोलडोंगरीची भेंडी आणि वर्सोव्याचं सुरमईचं कालवण एकमेकांची ओळख नसताना एका पाटीत शेजारी बसतात, कारण दोघांनाही नरिमन पॉइंटला जायचंय. झाकणावर ना नाव, ना पत्ता. रंगाचा एखादा ठिपका, एक-दोन आकडे, चार-दोन अक्षरं. कुठून निघाला, कुठे उतरायचा, कुठली इमारत, कितवा मजला, एवढं त्यात सगळं येतं. मग तीस-चाळीस डब्यांची ती लांबोडी लाकडी पाटी डोक्यावर चढते आणि लगेजच्या डब्याकडे निघते. पाटीखाली माणूस आहे हे तिच्या मागून चालणाऱ्याला फक्त पायांवरून कळतं. इथून चर्चगेट सुमारे 22 किलोमीटर. तिकडे पोचेतो एकेक डबा तीन-चार हातांतून तरी जातो, आणि जेवणाऱ्याला त्यातला फक्त शेवटचा हात ठाऊक असतो.

आमच्या घरच्या डब्याचा पहिला हात आबांचा होता. वडील फोर्टात नोकरीला आणि आम्ही कोलडोंगरीत, तिसऱ्या मजल्यावर, बिनलिफ्टच्या इमारतीत. आबा मावळातले. वयाचा अंदाज कुणालाच नव्हता. बहुधा त्यांनाही नव्हता. पांढरा सदरा, पांढरा लेंगा, पांढरी टोपी आणि त्या सगळ्या पांढऱ्यात फक्त मिशी काळी राहिलेली, तीही जरा संशयास्पद. आबा जिना चढायचे ते जुना दस्तऐवज वाचावा तसे. प्रत्येक ओळीखाली बोट धरून, मध्येच थांबून, मागचं नीट कळलं का याची खात्री करून. पहिल्या मजल्याच्या वळणावर टोपी काढून कपाळ पुसायचं. दुसऱ्या मजल्यावरच्या निवृत्त मास्तरांना रामराम घालायचा, त्यांच्या खोकल्याची चौकशी करायची, आणि मास्तर उत्तर देऊ लागले की ते संपेपर्यंत ऐकायचंसुद्धा. मग तिसऱ्याच्या अखेरच्या पायरीवर एक पाय ठेवून ‘डबाऽ’ अशी हाक द्यायची. त्या हाकेत घाईचा लवलेश नसे. घरात कुणी आजारी आहे का, हे पाहून घ्यावं तसा तो सूर होता.

खाली सायकलीला टेकून त्यांचा भाचा उभा असायचा. त्याची लाईन शेजारच्या गल्लीतली. स्वतःचे डबे गोळा करून तो आमच्या फाटकाशी येऊन थांबायचा, कारण इथून पुढे दोघांनी मिळून स्टेशन गाठायचं असा शिरस्ता होता. या धंद्यात माणूस येतो तो बहुतेक ओळखीनं, नात्यानं. मावळ, खेड, जुन्नर, आंबेगाव, मुळशी इकडचेच सगळे, एकमेकांचे सोयरे नाहीतर गाववाले. भाच्यालाही गावाहून आबांनीच आणलेलं, आबांनीच धंद्याला लावलेलं. त्यामुळे त्याची मोठीच पंचाईत झाली होती. सहकारी संथ असला तर त्याला चार शब्द सुनावता येतात. पण सहकारी हा आपला सख्खा मामा असला तर ते चारही शब्द आदरार्थी बहुवचनात सुनवावे लागतात. आदरार्थी बहुवचनात राग फार वेळ टिकत नाही. वाक्य क्रियापदापर्यंत पोचेतो तो निम्मा निवलेला असतो.

“मामा, तुमच्यापायी एक दिवस गाडी जायची.”

“गेली का आजवर?”

“नाय गेली. पण जायची.”

“तुझं डबं झालं का गोळा?”

“कवाच झालं.”

“मग बस की घटकाभर. बसायला पैसं पडत्यात व्हय?”

हा संवाद जिन्याच्या खिडकीतून आम्हा पोरांना रोज ऐकू यायचा. शब्द फारसे बदलत नसत. सकाळची आरती बदलत नाही, तसंच ते.

भाच्याचं म्हणणं मात्र अगदीच खोटं नव्हतं. गटात प्रत्येकाकडे साधारण सारखे डबे असतात, तीसच्या आसपास धरा. पण तीस डबे म्हणजे तीस डबे असं नसतं. मुलुंडचा नकाशा 1922 साली क्राउन अँड कार्टर या वास्तुरचनाकारांनी आखला, तेव्हा त्यांच्या डोळ्यांपुढे डबेवाले असतील असं वाटत नाही. पण त्यांच्या सरळ, काटकोनी रस्त्यांवरून सायकल जी सुखाने जाते ती पाहून त्यांना दुवा द्यावासा वाटतो. तिथून पाच स्टेशनं अलीकडे घाटकोपरला या. पंतनगरात जुन्या हाउसिंग बोर्डाच्या बिनलिफ्टच्या इमारती, आणि पश्चिमेला तर वस्तीच टेकडीवर चढत गेलेली. बोरिवलीत एक घर आयसी कॉलनीत तर दुसरं पार गोराईच्या बाजूला. शिवाय डबा म्हणून जो मोजायचा तो दोन खणी, तीन खणी की चार खणी? घाटकोपरच्या एखाद्या गुजराती घरचा डबा चार खणी असतो, वर ताकाची बाटली वेगळी, आणि लोणच्याची छोटी डबी पिशवीतून सोबतीला येते, मोठ्या बहिणीबरोबर धाकटीला पाठवावं तशी. मोजणीत हा एकच डबा. डबे मोजता येतात; जिने, चढ, कुत्री, बंद फाटकं आणि “पाच मिनिटं हं, होतंच आलंय” हे मोजायचं माप कुणी काढलेलं नाही.

आणि एवढं असूनही पैसे सारखे. गटाची कमाई एकत्र होते, सायकलींची दुरुस्ती, रेल्वेचा पास असले खर्च निघतात, आणि उरलेलं साधारणपणे सारखं वाटलं जातं. ज्याच्या वाट्याला जिने आले त्याला तेवढेच आणि ज्याच्या वाट्याला लिफ्ट आली त्यालाही तेवढेच. लहानपणी मला हे अजब वाटायचं. शाळेत तर जो जास्त लिहील त्याला जास्त गुण, असा उघड व्यवहार होता. पुढे केव्हातरी उमगलं की पैसे सारखे आणि ओझी वेगळी यांच्यामध्ये जी फट राहते, ती कुरकुरीने बुजवलेली असते. ज्याच्याकडे जास्त जिने त्याला जास्त कुरकुरायचा हक्क. हा हक्क कुठे लिहिलेला नसतो, पण मोडलेला सगळ्यांना कळतो. लिफ्टवाल्याने कुरकुर केली तर गट हसतो. जिनेवाल्याने केली तर गट माना डोलावतो, तंबाखूची चंची पुढे करतो, आणि पुन्हा त्याच जिन्यांवर पाठवतो. मुकादम हा म्हणायला पैशांचा हिशेब ठेवतो. माझा असा संशय आहे की तो खरा हिशेब कुरकुरीचा ठेवतो. रोजची कुरकुर तो सहज खर्ची टाकतो. एखादा गडी चार दिवस काहीच बोलला नाही, तर मात्र त्याच्या पोटात कालवाकालव होते.

आता याची दुसरी बाजू तिसऱ्या मजल्यावर होती, आणि ती खाली उभ्या असलेल्या भाच्याला कधीच दिसली नाही. आई आबांची पावलं ऐकून स्वयंपाक करायची. फाटकाच्या कडीचा आवाज झाला की तवा चढायचा. पहिल्या वळणावर आबा टोपी काढायचे तेव्हा इकडे फोडणीत मोहरी पडायची. मास्तरांच्या खोकल्याची चौकशी सुरू झाली की शेवटची पोळी लाटायला घ्यायची. मास्तरांचं उत्तर लांबलं तर तिला तूपही लागायचं. आमच्या घरात भिंतीवर घड्याळ होतं, पण ते फक्त वेळ सांगायचं. आबा वेळ द्यायचेही. आणि हे काही आमच्याच घरी नव्हतं. आबांच्या त्या संथ चढणीवर पूर्ण इमारतीतल्या भाज्या शिजत होत्या. कारण या धंद्याचा एक नियम फार कडक: डबेवाला दारात आला आणि डबा तयार नाही, असं पुन्हा पुन्हा झालं, तर मुकादम येऊन हात जोडतो आणि दुसरी सोय बघा म्हणतो. एका घराचा डबा थांबला तर मागे सगळ्या पाटीला थांबावं लागतं, आणि गाडी कुणासाठी थांबत नाही. तेव्हा इमारतीतल्या बायकांची अब्रू आबांच्या गुडघ्यांवर उभी होती असं म्हटलं तरी चालेल. आबांना हे ठाऊक होतं का? मिशीवरून काही कळायचं नाही.

एका पावसाळ्यात तो गुडघा सुजला. पायरी चढताना आबा कठड्याला नुसते धरत नसत, त्याच्याशी सल्लामसलत करत असल्यासारखे वाटायचे. भाच्याने मुकादमापुढे गाऱ्हाणं घातलं. अर्थात मामांच्या काळजीपोटी, असं म्हणून. मुकादमाने विचार करून वाटणी बदलली. पश्चिमेला लोखंडवालात तेव्हा नवनव्या लिफ्टच्या इमारती उठत होत्या. तिकडचे डबे आबांना दिले आणि कोलडोंगरीचे आमचे जिने भाच्याकडे आले. कागदावर याहून न्याय्य वाटणी शोधून सापडली नसती. म्हाताऱ्याला लिफ्ट, तरण्याला जिने, सगळ्यांना वेळ.

भाचा दोन-दोन पायऱ्या एका ढांगेत घ्यायचा. फाटकाची कडी वाजली आणि ‘मावशी, डबाऽ’ ही हाक आली, यांच्यामध्ये मोहरीला तडतडायलाही सवड मिळेना. पहिल्याच आठवड्यात इमारतीवर अवकळा आली. वडिलांच्या आमटीत मीठ राहिलं. शेजारच्यांच्या डब्याचा खालचा खण रिकामाच चर्चगेटला जाऊन आला. मास्तरांनी खोकला कुणाला सांगावा हा प्रश्न पडून ते दार लावून बसू लागले. महिन्याचे पैसे घ्यायला मुकादम आला तेव्हा जिन्यात बायकांनी त्याला गाठलं.

“तुमचा नवा माणूस फार लवकर येतो.”

“म्हंजी वेळेवर येतो?”

“वेळेवरच. हीच तर तक्रार आहे.”

मुकादमाने टोपी काढली, पुन्हा घातली. डबा हरवला, डबा सांडला, डबा भलत्याच्या टेबलावर गेला, या सगळ्यांची उत्तरं त्याच्याकडे होती. माणूस वेळेवर येतो या गुन्ह्याला काय दंड लावायचा, हे पंचायतीने कधी ठरवलेलं नव्हतं. आणि तिकडे लोखंडवालातून बातमी याहून नवलाची होती. लिफ्ट मिळूनही आबा तेवढाच वेळ घेत होते. लिफ्ट आली की आधी बाईंना जाऊ दे, मग शाळेच्या पोराला जाऊ दे, मग लिफ्टमन सातारकडचा निघाला म्हणून त्याच्या गावच्या पावसाची विचारपूस. माणसाचा वेग गुडघ्यात नसतो, हे मुकादमाच्या बहुधा तेव्हा ध्यानात आलं असावं. पंधरवड्यात आबा आमच्या जिन्यात परत आले. तोड अशी निघाली की आबांनी डबे फक्त खाली आणायचे. सायकलीवर लादून स्टेशन गाठायचं काम भाच्याचं, आपले आणि मामांचे मिळून. म्हणजे भाच्याचं ओझं दुप्पट झालं आणि हिस्सा तेवढाच राहिला. त्याची कुरकुर अशी काही बहरली की आम्हाला नवे शब्द शिकायला मिळाले. मुकादम दिसायला गंभीर होता, पण मनातून निश्चिंत झाला असणार.

पुढे जगाला या लोकांचा शोध लागला. म्हणजे धंदा 1890 पासून चालू होता, महादू हावजी बच्चे यांनी तो उभा केला, 1956 मध्ये त्यांचा ट्रस्ट झाला, पण शोध लागायला 1998 साल उजाडलं. त्या वर्षी ‘फोर्ब्स’ मासिकात त्यांच्या अचूकपणाविषयी छापून आलं, आणि तेव्हापासून इतक्या लाखांत एक चूक का इतक्या कोटींत एक, हा आकडा भाषणागणिक वाढतच गेला. 2003 च्या नोव्हेंबरात ब्रिटनचे युवराज चार्ल्स चर्चगेटला त्यांना भेटायला आले, तेही डब्यांची वेळ सांभाळून. राजपुत्राला वेळापत्रक बदलता येतं, नरिमन पॉइंटच्या भुकेला येत नाही. 2005 मध्ये त्या राजपुत्राच्या लग्नाचं आवतण आलं, तेव्हा दोघे डबेवाले विलायतेला जाऊन आले. 2010 मध्ये हार्वर्डचे प्राध्यापक स्टीफन थॉम्के यांनी त्यांच्यावर प्रकरण-अभ्यास लिहिला. पुढे त्यांनी सेकंदही मांडले: मोठ्या स्टेशनात पाट्या चढवायला 40, मधल्या स्टेशनात 20. गटात दोन-तीन गडी जास्तीचे असतात, प्रत्येकाला प्रत्येकाचं काम येतं, हेही त्यांनी टिपलं. व्यवस्थापनशास्त्रात या जास्तीच्या गड्यांना काहीतरी भारदस्त नाव असणार. आमच्या गटात ती आबांच्या गुडघ्याची सोय होती. आपल्या विद्यापीठांतले लोकही मग या विषयाकडे वळले, हार्वर्डने परवानगी दिल्यासारखे.

मला स्वतःला वाटतं, हे गणित डबेवाल्यांना कुणी शिकवलं असेल तर ते पंढरीच्या वाटेनं. यातले पुष्कळसे वारकरी. गळ्यात माळ, आळंदी तर खेड तालुक्यातलीच. त्यांच्या ट्रस्टने आळंदी, जेजुरी, भीमाशंकर इथे धर्मशाळा बांधल्यात. वारीत अडीचशे किलोमीटर चालायचं ते दिंडीच्या चालीनं. कुणाचे पाय तरणे असले म्हणून त्याने एकट्यानं पुढं जाऊन पांडुरंगाला गाठायचं, असा शिरस्ता नाही. मागे पडणारी म्हातारी असते, तिची वळकटी कुणीतरी उचललेली असते, आणि उचलणारा मुक्कामापर्यंत कुरकुरत असतो. धावण्याची जागा मात्र ठरलेली. वेळापूरजवळच्या उतारावर सगळी दिंडी विठ्ठलनामाच्या गजरात धावत सुटते, तो ‘धावा’. बाकी सगळं चालणं. अंधेरी स्टेशनातले ते 40 सेकंद मला नेहमी त्या उतारासारखे वाटत आलेत. लोकल फलाटाला लागली की आबासुद्धा धावायचे! मी स्वतः पाहिलंय. पाटीचं एक टोक त्यांच्या हातात, दुसरं भाच्याच्या, आणि पांढरी टोपी मागे उडून पडलेली. आत चढल्यावर ते पुन्हा आपल्या मूळ वेगात यायचे आणि भाच्याला म्हणायचे, “किती घाई करतूस रं.”

चैत्रात गावोगावच्या जत्रा असल्या की सगळे मिळून रजेवर जायचे; आठवडाभर मुंबई घरून नेलेला किंवा विकतचा घास खायची आणि चिडचिडी व्हायची. जत्रेहून एकदा आबा परतले नाहीत. काही झालं नव्हतं. गावी भाताची खाचरं होती, नातू होता, गुडघा होता. भाच्याने जिना घेतला आणि, कुणी सांगितलं नसताना, दुसऱ्या मजल्यावर रामराम घालायला लागला.

2020 च्या मार्चमध्ये लोकल थांबली तेव्हा पहिल्यांदाच इतके दिवस पाट्या भिंतीला उभ्या राहिल्या. कचेऱ्या घरात आल्या, आणि ज्याचं जेवण शेजारच्या खोलीत शिजतं त्याला डबा कशाला? पुढे गाड्या सुरू झाल्या तरी डबे पूर्वीइतके भरले नाहीत. कितीतरी गडी गावी राहिले, काही रिक्षा चालवू लागले, काही पहारेकरी झाले. दरम्यान कोलडोंगरीतली आमची इमारत पुनर्विकासात पाडून तिथे टॉवर झाला. त्याच्या फाटकाशी आता दुसरीच मुलं असतात. पाठीवर चौकोनी पिशवी, हँडलला अडकवलेला मोबाइल. त्यांचा मुकादम त्या मोबाइलात राहतो. नीती आयोगाच्या अहवालानुसार 2020-21 मध्ये देशात अशी कामं करणारे 77 लाख लोक होते, आणि 2029-30 पर्यंत ते 2 कोटी 35 लाख होतील असा त्यांचा अंदाज आहे. सामाजिक सुरक्षेच्या 2020 च्या संहितेत त्यांना कायद्याचं नाव मिळालं आणि नोव्हेंबर 2025 मध्ये ती लागूही झाली. हे चांगलंच झालं. पण फाटकापाशी उभं राहून पाहताना मला एक गोष्ट खटकत राहिली: या लाखो लोकांपैकी बहुतेकांना संथ सहकारीच नाही. कारण सहकारीच नाही. प्रत्येकाचा मोबाइल वेगळा, ऑर्डर वेगळी, रेटिंग वेगळं. शेजारच्याला कमी अंतराच्या ऑर्डरी मिळाल्या की आपल्याला लांबच्या, हे जाणवतं, पण कुणाला विचारायचं? मोबाइल माना डोलावत नाही, चंची पुढे करत नाही. एखादा मागे पडला तर दुसऱ्यांना ओझं उचलावं लागत नाही. त्याला ऑर्डरी कमी येत जातात, आयडी ब्लॉक होते, आणि फाटकापाशी तो दिसेनासा होतो. आपल्यामुळे कुणाला कुरकुरावं लागलं, एवढंही समाधान त्याच्या गाठीला नसतं.

त्यामुळे परवा जे कानावर आलं त्याने मी भाजीची पिशवी हातात धरून फाटकाशीच उभा राहिलो. दोन मुलं होती. एकाच्या पायाला बँडेज. पावसात गाडी घसरली असावी. दोघांच्या ऑर्डरी योगायोगाने एकाच विंगच्या, आणि डिलिव्हरीवाल्यांसाठी ठेवलेली मागची लिफ्ट बंद. सोसायटीच्या नियमाप्रमाणे पुढच्या लिफ्टने त्यांना जाता येत नाही. या नियमाविरुद्ध मी सभेत दोनदा बोललोय, आणि इतिवृत्तात ते ‘चर्चा झाली’ एवढ्याच शब्दांत नोंदलं गेलंय.

“आण इकडे तुझी पण. दोन्ही मीच नेतो.”

“नवव्याचा ओटीपी विचार हां. मागच्या वेळी विसरलास.”

“मला नको शिकवू. आणि ऐक, रोज रोज नाही करणार मी हे.”

“कालपण हेच बोलला होतास.”

“कालचं काल. आज चहा तुझ्याकडून.”

“कालचापण माझ्याकडूनच होता.”

“मग? पाय कुणाचे चाललेत?” तो दोन पिशव्या घेऊन जिन्याकडे वळला. पहारेकरी वहीत नावं लिहा म्हणून मागून ओरडला. बँडेजवाल्याने लंगडत जाऊन दोघांचीही नावं लिहिली. मग जिन्याच्या तोंडाशी जाऊन वर हाक मारली, “अरे, मी येऊ का निम्म्यापर्यंत?”

वरून, बहुधा दुसऱ्या मजल्यावरून, उत्तर आलं, “तू आलास तर रात्र होईल. बस तिथंच!”